कोळंबीचा केरवारा

मराठी घरात कोळंबी मेली म्हणून कुणी हळहळलं, तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. आमच्या फ्रीजरमध्ये अर्धा किलो सोललेली कोळंबी कायम असते. ती मेलेलीच असते, आणि तिच्याबद्दल आजवर घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही. पण हॉलमधल्या काचेच्या टाकीत जेमतेम इंचभर लांबीची लालभडक कोळंबी उताणी दिसली, की माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

"एवढीशी तर होती," बायको म्हणते. "आणि कालच्या कालवणात तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो.

या भानगडीचं मूळ आमच्या डॉक्टरांपाशी आहे. माशांच्या टाकीकडे रोज थोडा वेळ बघत बसलं की रक्तदाब उतरतो, असं ते म्हणाले होते. टाकी आल्यापासून माझी गोळी वाढली आहे, पण ते असो. मासे आले, मासे गेले, आणि एका रविवारी सकाळी मी कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात उभा होतो. हवेने टम्म फुगवलेल्या पिशव्या रांगेने टांगलेल्या. त्यातल्या एकीत शेवाळाचा पुंजका, आणि त्या पुंजक्याला लटकून काही लाल ठिपके मन लावून काहीतरी खात होते. सतत. त्यांचे पुढचे इवलेसे चिमटे तोंडाकडे ये-जा करत होते, ते थांबेचनात. खाण्यावरची ही निष्ठा मला आपलीशी वाटली.

"क्या करना पडता है इनको?" मी विचारलं.

"ज़्यादा कुछ करने का नहीं, साब. अपने आप जीती है."

सगळी विद्या त्या माणसाने पिशवीला रबर लावता लावता देऊन टाकली होती. पण मध्यमवर्गीय माणूस इतक्या सोप्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. पैसे मोजून आणलेल्या वस्तूचं काहीतरी करावंच लागतं. त्यात घरी आई, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, कामाच्या मावशी आणि अधूनमधून मुक्कामाला येणारे काका, अशी काहीतरी करू इच्छिणारी माणसं भरपूर.

सुरुवात तळापासून झाली. टाकीच्या तळाशी काय पसरायचं, यावर या छंदातली माणसं ज्या तळमळीने बोलतात, तेवढ्या तळमळीने लग्नाच्या हॉलबद्दलही कुणी बोलत नसेल. त्याला ते सबस्ट्रेट म्हणतात. आमचं पहिलं सबस्ट्रेट म्हणजे मुलीने पसंत केलेले गुलाबी आणि निळे खडे. दिसायला झकास. पण खडे मोठे, त्यांच्यामधल्या फटी खोल, आणि वरून पडलेला दाणा थेट फटीत जाऊन कुजणार. शिवाय कोळंबी तळाचा रंग बघून आपला रंग ठरवते. तळ काळा असला की तिची लाली खुलते, आणि तळ फिका असला की शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून तीही फिकी पडते. आमच्या गुलाबी खड्यांवर आठवडाभरात सगळ्या कोळंब्या आजारी माणसाच्या रंगाच्या झाल्या. काकांनी निदान केलं, "पांडुरोग."

मग शेजारच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवरून वॉचमनशी गोड बोलून आणलेली वाळू. कितीही धुतली तरी तिच्यातून सिमेंट निघतच राहिलं. त्या प्रकरणावर मी जास्त बोलणार नाही, वॉचमन अजून तिथेच आहे.

तिसऱ्या खेपेला मी मुकाट्याने दुकानात गेलो आणि 'सॉइल' मागितली. दुकानदाराने पिशवी अशा अदबीने ठेवली की मी हात मागे घेतला.

"साधी माती नाही ही, सर. ज्वालामुखीच्या राखेची. भाजून गोळ्या केलेल्या असतात. जपानहून येते."

किंमत ऐकून मीही भाजून निघालो. घरी येताना लोकलमध्ये हिशेब करत होतो. आपला बहुतेक महाराष्ट्र सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसावर बसलेला आहे. कर्जतपासून कऱ्हाडपर्यंत कुठेही फावडं मारलं तर ज्वालामुखीचंच काहीतरी निघेल, आणि मी मुलुंडच्या फ्लॅटमध्ये जपानची राख विकत घेऊन चाललो आहे. सासरे नेमके त्या दिवशी गावाहून आले होते. त्यांनी पिशवी हातात घेऊन जोखली, किमतीचं लेबल चष्मा वर करून वाचलं, आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "मातीच पायजे हुती तर फोन करायचा. ट्रॉली भरून पाठवली असती."

"ही वेगळी असते, मामा. पाण्याचा पीएच खाली आणते."

"आमची बी आणती की. तीन पिढ्यांची मालकी खाली आणलीय तिनं."

त्या पिशवीवर इंग्रजीत ठळक लिहिलेलं होतं की माती धुवू नये, गोळ्या विरघळतात. मी ते वाचलं होतं. मावशींनी वाचलं नव्हतं. मी अंघोळीहून येईपर्यंत त्यांनी परातीत माती ओतून, तांदूळ धुवावेत तशी ती सात पाण्यांनी स्वच्छ धुतली होती. परातीत चिखल होता, मोरी तुंबली होती आणि जपान अरबी समुद्राकडे रवाना झालं होतं.

"लई घाण होती बघा," मावशी म्हणाल्या. "दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

दुसरी पिशवी आणली, ती कपाटात कुलपात ठेवली. अखेर तळावर दोन बोटं काळी माती पसरली गेली, पाणी भरलं, दिवा लावला. आणि मग या छंदातला सर्वांत अवघड भाग सुरू झाला, तो म्हणजे काहीही न करण्याचा. नवी सॉइल सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते. अमोनिया म्हणजे कोळंबीला विष. तो खाऊन त्याचा नायट्राइट करणारे एक जिवाणू, नायट्राइटही विषारीच म्हणून त्याचा त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे दुसरे. ही सगळी मंडळी मातीच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करून स्थिरावायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत कुणाला सोडायचं नाही. पाहुणे येत, रिकाम्या टाकीसमोर सोफ्यावर बसत.

"मासे कुठेत?"

"मासे नाहीत, कोळंबी येणार आहे. सध्या जिवाणू तयार होतायत."

"म्हणजे तुम्ही सध्या जंतू पाळलेत?"

त्यानंतर आमच्याकडे चहाला फारसं कुणी थांबत नसे.

पाणी तयार झालं की नाही हे बघायला एक किट मिळतं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, आणि जो रंग येईल तो छापील तक्त्यावर जुळवायचा. पिवळा आला तर अमोनिया शून्य, हिरवट झाक आली तर थांबा. इथे पुरुषाचं काम संपतं. मला आयुष्यात हिरवे दोनच दिसले आहेत, हिरवा आणि जास्त हिरवा. मी नळी खिडकीपाशी, दिव्यापाशी, पांढऱ्या भिंतीपाशी धरून बघत होतो. बायको भाजी निवडता निवडता लांबूनच म्हणाली, "लिंबू कलर नाहीये हा. पोपटीकडे झुकतोय."

"नक्की?"

"पोपटीच. पिस्ता असता तर एवढा उजळ नसता. अजून आठवडाभर थांबा."

साड्यांच्या दुकानात माझे जे तास वाया गेले असं मी समजत होतो, ते विज्ञानाच्या खात्यात जमा होत होते, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून आमच्या घरात रसायनशास्त्र तिच्याकडे आहे.

नव्या कोळंब्या आल्या, रमल्या, आणि एका सकाळी मुलीने हाक मारली. तळाशी एक पडली होती. पाय, मिशा, शेपटी, डोळ्यांवरचं आवरण, सगळं जागच्या जागी. फक्त रंग उडून पार काचेची झालेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी. मी चिमट्याने तिला बाहेर काढलं, आईने तुळशीच्या कुंडीत जागा करून दिली. संध्याकाळी मोजल्या तर आकडा बरोबर जुळला. आम्ही सकाळी जिचे अंत्यसंस्कार केले, ती मागच्या दगडावर बसून शेवाळ खात होती. कुंडीत गेली होती ती तिची कात. वाढीला लागलेली कोळंबी दर काही आठवड्यांनी कात टाकते, आणि ती कात टाकीतच राहू द्यायची असते, कारण त्यातलं कॅल्शियम त्या पुन्हा खातात. म्हणजे आम्ही तिच्या पुढच्या कवचाचा कच्चा माल तुळशीला घातला होता. तुळस मात्र त्या वर्षी फोफावली.

आणि मादीने कात टाकली, की टाकीतले झाडून सगळे नर एकदम वेडेपिसे होऊन या काचेपासून त्या काचेपर्यंत पोहत सुटतात. काकांनी चिंतेने विचारलं, "हे काय झालं रे यांना?" मुलगी शेजारी बसली होती. मी म्हटलं, "व्यायाम." मुलगी म्हणाली, "बाबा, मला बायोलॉजी आहे."

कातीचं हे प्रकरण पाण्याशी जोडलेलं आहे. मुंबईचं नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा वगैरे तलावांचं, त्यात क्षार कमी. वर आमची जपानी माती पाण्याला आणखी मऊ आणि आंबट करणारी. ते पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या क्रिस्टल जातीला मानवतं. आमच्या चेरी जातीला मात्र कवचासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम जरा जास्त लागतं. ते कमी पडलं की कात नीट सुटत नाही, मानेपाशी एक पांढरी कडी दिसते आणि मग खेळ संपतो. म्हणजे मी सगळ्यात महाग माती आणली होती ती नेमकी दुसऱ्या जातीची. मग क्षारांची पूड आणून पाण्यात मोजून घालणं आलं. आईने आपल्या औषधांच्या डबीचं झाकण उघडून सांगितलं, "ती पूडबीड राहू दे. माझी सकाळची कॅल्शियमची एक टाक. मला तशीही ती घशात अडकते."

आईचा खरा झगडा वेगळाच होता. तिच्या मते टाकी घाण होती. आणि दुःख हे की ती बरोबर होती. कोळंबीचा संसार घाणीवरच चालतो. काचेवर, लाकडावर, पानांवर जो डोळ्यांना न दिसणारा आणि बोटांना बुळबुळीत लागणारा थर जमतो, तोच त्यांचा दिवसभराचा आहार. काच लख्ख घासली म्हणजे त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं. ताकाशी अमानो नावाच्या जपानी गृहस्थांनी 1980च्या दशकात पाणवनस्पतींच्या टाक्यांमधलं शेवाळ साफ करायला कोळंब्या सोडल्या आणि त्यानंतर हा शौक जगभर पसरला. म्हणजे कोळंबी ही मुळात टाकीची मोलकरीण. आमच्याकडे मोलकरणीच्या तैनातीला सगळं घर उभं, आणि तिने काम करू नये म्हणून प्रत्येक जण फडकं घेऊन पुढे.

दिवाळीच्या साफसफाईत व्हायचं ते झालं. मी ऑफिसातून आलो तर फिल्टरचा स्पंज गॅलरीच्या दोरीवर चिमटा लावून वाळत होता. महिनोन्महिने जमवलेली जिवाणूंची वस्ती साबणाच्या पाण्यात निकालात निघाली होती. तो स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळायचा असतो, नळाखालीसुद्धा धरायचा नसतो. आई दमून खुर्चीत बसली होती.

"अर्धा तास घासला," ती म्हणाली, "पण काळेपणा काही जाईना."

"आई, तो काळाच असतो."

"मग आधी नाही का सांगायचं!"

पुढचे काही दिवस बायको रोज नळी उजेडात धरून "पोपटी", "अजून पोपटी" असं सांगत होती, आणि मी रात्री थोडं थोडं पाणी बदलत होतो.

पाणी बदलणं हा रात्रीचा कार्यक्रम का, तर तेव्हा कुणी मदतीला येत नाही. माती उकरायची नाही, नळी तिच्यावरून नुसती तरंगती फिरवून वरचा गाळ ओढायचा, दहा-पंधरा टक्के पाणी काढायचं आणि तेवढंच शिळं, क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू सोडायचं. कोळंबीला अचानक काहीही सोसत नाही. अडचण पिल्लांची. ती दोन मिलिमीटरची, पारदर्शक, आणि गाळाबरोबर सुखाने बादलीत जातात. म्हणून मी नळीच्या तोंडाला बायकोचा जुना पायमोजा बांधतो, आणि तरीही नंतर बादलीत टॉर्च मारून गाळ तपासतो. एकदा मध्यरात्री पाण्याला उठलेल्या काकांनी मला जमिनीवर पालथं पडून, हातात चमचा घेऊन, घाणेरड्या पाण्याच्या बादलीशी "ये, ये बाळा" असं बोलताना पाहिलं. ते दुसऱ्या दिवशीच गावी जायला निघाले होते. आईने थांबवलं.

थांबवलं नसतं तर बरं झालं असतं. काका पहाटे उठून तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितात, आणि ज्यांना ते पटत नाही अशांना पाजतात. एका पहाटे खुडबुड ऐकून मी बाहेर आलो तर लोटा टाकीवर तिरका झालेला होता. मी आयुष्यात इतक्या जोरात ओरडलो नव्हतो.

"काका, तांबं! मरतील त्या!"

"तांब्याच्या पाण्याने कुणी मरतं का रे? माझ्याकडे बघ."

मी त्यांना समजावलं. मुळात कोळंबीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबंच असतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं जराही जास्त झालं तरी तिला ते विषच. माशांच्या कित्येक औषधांतही ते असतं, म्हणून तीसुद्धा कोळंबीच्या टाकीत चालत नाहीत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रक्तातच आहे म्हणतोस ना?" ते म्हणाले. "मग वरून थोडं गेलं तर बिघडलं कुठे? टॉनिक झालं ते."

खाण्याचं तर विचारूच नका. या जिवांना एक दिवसाआड चिमूटभर दिलं तरी पुरतं, दोन-तीन तासांत संपेल तेवढंच. उरलं की कुजलं. पण आपल्या घरात कुणी खात नाहीये हे दृश्य आपल्याला बघवत नाही. मी ऑफिसला जाताना चिमूटभर टाकतो. मुलगी तिच्या वाटणीचं टाकते. आई आरती झाल्यावर येते आणि "मुकी जनावरं, उपाशी ठेवू नयेत" म्हणत टाकते. मावशी फरशी पुसताना त्यांच्याकडे बघतात आणि चपातीचा तुकडा शोधतात. त्यातून नासणाऱ्या पाण्याचं निदान सगळे मिळून एकच करतात: हवा बदलली.

बाहेरच्या संकटांपैकी सोसायटीचे सेक्रेटरी हे एक. पावसाळ्यात डेंग्यूसाठी धुरळणी होते. डास मारायचं औषध कोळंबीला डासाइतकंच लागू पडतं, दोघांची नातलगी तशी जवळची. घरात रात्री लावायची डासांची लिक्विडंही मी म्हणूनच बंद केली, आणि आमचं कुटुंब गेली काही वर्षं डासांना रक्त देऊन कोळंबी जगवतं आहे. धुराच्या दिवशी मी खिडक्यांना टेप लावतो, टाकीवर ओला टॉवेल टाकतो, हवेचा पंप बंद करतो. एकदा आधी कळवावं अशी विनंती करायला सेक्रेटरींकडे गेलो.

"म्हणजे तुमच्या कोळंबीसाठी सगळ्या सोसायटीने डेंग्यू सोसायचा?"

"तसं नाही हो. फक्त आदल्या दिवशी सांगा."

"आणि ती बदामाची पानं पण तुम्हीच उचलून नेता ना? वॉचमन म्हणत होता."

मी मान डोलावली. आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं टाकीत टाकली की पाणी तपकिरी होतं, पानांवर तो बुळबुळीत थर जमतो आणि कोळंबी त्यावर तुटून पडते. हीच पानं ऑनलाइन दहा-दहाच्या पाकिटात विकतात आणि आमचा झाडूवाला रोज सकाळी ती पोत्याने जाळतो. हे ऐकल्यावर सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर सोसायटीच्या उत्पन्नाचा एक नवा विचार सरकलेला मला स्पष्ट दिसला.

गणपतीला आम्ही सगळेच कोकणात गेलो. दिवा टायमरवर टाकला, बाकी काही सोय नव्हती. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायला आई निघाली होती, "तेवढंच दोन दाणे टाकतील", पण ती किल्ली मी तिच्या हातून काढून घेतली. परत आलो तेव्हा काच हिरवी, पाणी तपकिरी, पानांची जाळी झालेली, आणि त्या जाळीवर, काचेवर, स्पंजावर, जिथे बघावं तिथे ठिपक्याएवढी पिल्लं चरत होती. मोजता येईनात.

"गणपती पावला," आई म्हणाली.

"आपण घरात नव्हतो, म्हणून," बायको म्हणाली, आणि फडक्याकडे गेलेला माझा हात तिने वाटेतच धरला.

त्यानंतर संख्या इतकी वाढली की अलिबागहून आलेल्या आत्याने टाकीसमोर बसून जवळ्याच्या हिशेबाने मनातल्या मनात वाट्या मोजल्या. "चटणी होईल एवढी झाली की सांग हो," असं सांगून ती गेली. वाटून टाकणं भाग होतं, पण घेणार कोण? शेवटी एका संध्याकाळी सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले, टाकीपुढे उभे राहिले, मग बसले. पावती हातातच राहिली. जाताना पिशवीत शेवाळाचा पुंजका आणि काही लाल ठिपके घेऊन गेले.

आता धुरळणीची नोटीस तीन दिवस आधी लागते, ठळक अक्षरांत, लाल शाईने. बदामाची पानं पहाटे माझ्याआधी कुणीतरी उचललेली असतात, त्यातही चांगली मोठी. आणि रात्री साडेअकराला फोन वाजतो.

"झोपलात का? अहो, एक मेली हो. तळाशी पडलीय."

"कात असेल, साहेब."

"कात कशी असेल? पाय हलतायत तिचे!"

"मग जिवंत आहे. झोपा तुम्ही."

"बरं. आणि ऐका, ती माती धुवायची असते का? मिसेसनी परात काढलीय."